सरांनी बसवलेला तुकडा

सर जाऊन आता वर्ष होत आलं. अजूनही लग्नाच्या पंगतीत ताटावर चमचा आपटल्याचा आवाज आला की मी वळून बघते. सर कुठल्याही पंगतीत बसले की आधी खिशातला चुंबक काढून ताटाला लावायचे. चिकटला नाही तर "बरं स्टील हाये" म्हणून जेवायला सुरुवात करायचे. चिकटला तरी जेवायचेच, पण यजमानाची कीव केल्यासारखे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या दुकानात, बाबांशी भांडताना. वाशीमच्या बाजारात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे: नळ, पाइप, कड्या, बिजागऱ्या. मी तेव्हा इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते आणि सुट्टीच्या दिवशी गल्ल्यावर बसत होते. एक उंच, वाळलेले गृहस्थ हात पाठीमागे बांधून काउंटरवरच्या पितळी कॉककडे फार नाराजीनं बघत होते.

"हे पितळ, अन् हा लोखंडाचा पाइप. दोघाच्या मधात काय टाकता?" त्यांनी विचारलं.

"मधात काय टाकायचं? टेप गुंडाळायची अन् पिळायचं," बाबा म्हणाले.

"एकमेकाले खातीन ते. पानी लागलं का झालं सुरू."

"साहेब, आख्खं वाशीम हेच बसवून राह्यलं."

"मंग आख्खं वाशीम गळन," असं म्हणून ते काहीच न घेता निघून गेले.

बाबा दिवसभर धुसफुसत होते. आमच्या चार पिढ्या या धंद्यात गेल्या, हा कोण मला शिकवणारा, वगैरे. काही महिन्यांनी आमच्याच गच्चीवरच्या टाकीखालचा सांधा गंजून गळायला लागला. तेव्हा बाबांनी प्लंबरला फोन केला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो लग्नातला चुंबकवाला कुठी राह्यतो, पाय बरं जरा."

चुंबकवाला राहत होता स्टेशनच्या बाजूला, एका छोट्या, फार स्वच्छ घरात. मूळचे किन्हीराजाचे, बौद्ध कुटुंबातले. गावच्या शाळेत शिकले, पुढे नागपूरला धातुशास्त्र केलं आणि सगळी नोकरी दूर दक्षिणेत, अणुभट्टीचं इंधन तयार करणाऱ्या एका कारखान्यात. कारखान्याचं नाव ते कधी घेत नसत, म्हणून मीही घेत नाही. निवृत्त झाल्यावर काकूंना घेऊन वाशीमला आले, आणि दर पौर्णिमेला किन्हीराजाच्या विहारात जायचं ठेवलं. गावात त्यांचं नाव पडलं होतं 'बॉम्बवाले सायेब'. सरांना याचा फार राग. एकदा मी सोबत होते. पारावर बसलेल्या एकानं विचारलंच, "काय सायेब, किती बॉम्ब केले?"

"बॉम्ब नाई रे बाप्पा, वीज. तुह्या विहिरीवरच्या मोटरले लागते थे."

"मंग लाइट काहून जाऊन राह्यली?"

"थे माह्या खात्यात येत नाई," सर म्हणाले.

त्यांच्या खात्यात काय येत होतं, ते मला हळूहळू कळलं. न पटणाऱ्या दोन धातूंना जोडणं. युरेनियमच्या छोट्या वड्या एका बारीक नळीत भरतात. ती नळी झिर्कोनियमच्या मिश्रधातूची असते, कारण भट्टीत सतत न्यूट्रॉन धावत असतात आणि हा धातू त्यांना वाटेत फारसा गिळत नाही. पण सगळंच काही झिर्कोनियमचं करता येत नाही, कुठंतरी स्टेनलेस स्टील येतंच, आणि तिथे या दोघांची गाठ पडते. नेहमीसारखं वेल्डिंग करून त्यांना वितळवलं, तर दोघं मिसळून तिसरंच काहीतरी तयार होतं. काचेसारखं ठिसूळ. थंड होता होताच तडकतं. त्यात पुन्हा तापल्यावर स्टील जास्त फुगणार, झिर्कोनियम कमी. मग करायचं काय? सर म्हणायचे, वितळवायचंच नाही.

हे त्यांनी माझ्या वर्गात येऊन शिकवलं. मी त्यांना व्याख्यानासाठी बोलावलं होतं. फळ्याजवळ प्रोजेक्टर लावून ठेवला होता, तो त्यांनी बंद करायला सांगितला आणि पिशवीतून दोन साबण काढले. एक नवी कोरी हिरवी वडी आणि एक झिजून पापुद्रा झालेला लाल तुकडा.

"घरी काय करता याचं? फेकता?" त्यांनी पोरांना विचारलं.

"नव्या साबणाले चिपकवतो सर," मागून कुणीतरी बोललं.

"वितळवता का?"

"नाई सर. ओला करतो, दाबतो अन् ठेवून देतो."

"झालं. इतकंच म्या जिंदगीभर केलं," सर म्हणाले. दोन्ही तोंडं आरशासारखी घासायची, मध्ये तिसऱ्या धातूचा पातळ पापुद्रा ठेवायचा, हवा काढून घेतलेल्या भट्टीत तापवायचं, दाबून धरायचं आणि थांबायचं. वितळायच्या कितीतरी आधीच दोन्हीकडचे अणू हद्द ओलांडून एकमेकांत शिरायला लागतात. "फक्त मधात घाण नाई पाह्यजे. अन् घाण मंजे काय? बोट. बोट लागलं का त्याचं तेल लागलं, घाम लागला. मंग तुमी किती तापवा, किती दाबा, थे दोघं एकमेकाले भेटतच नाईत."

म्हणून ते कशालाच हात लावत नसत. चाळीसेक वर्षांची सवय अंगात मुरली होती. दार कोपरानं उघडायचे. वर्तमानपत्र कडेला धरून वाचायचे. कुणाच्या घरी नवं बाळ बघायला गेले तर तोंडभर हसायचे, पण हात पाठीमागेच. काकू म्हणायच्या, "लग्नाच्या टायमाले मले वाटलं, मी आवडली नाई का काय याइले."

स्वयंपाकघरात त्यांना मान होता तो फक्त तांब्याच्या बुडाच्या स्टीलच्या पातेल्याला. दोन धातू आहेत, रोज विस्तवावर चढतात, उतरतात, आणि बूड सुटत नाही, म्हणून. लग्नात आहेर म्हणून ते हेच पातेलं द्यायचे. विकत घेताना दुकानदाराला ते गॅसवर लालभडक तापवायला आणि सरळ नळाखाली धरायला लावायचे. सुटलं तर नको. भांड्यांच्या बाजारात नंतर त्यांना पाहिलं की लोक शटर अर्धं ओढून घ्यायला लागले.

एकदा किन्हीराजाच्या शाळेत त्यांचा सत्कार झाला. मुख्याध्यापकांनी भाषणात म्हटलं की सर जसे दोन वेगळे धातू जोडतात तशीच समाजातली माणसंही जोडली पाहिजेत. टाळ्या पडल्या. सर उठले, चेहरा लाल. "मानसं धातू नसतात," म्हणाले. "धातूले जोडाचं मनात नसलं तरी तो जुळते. मानसाचं तसं नाई. फालतू तुलना करू नका." आणि शाल न घेताच खाली बसले. मुख्याध्यापक पुढे कितीतरी दिवस मला विचारत होते, साहेबांना राग कशाचा आला.

मला मात्र त्यांचा राग आवडायचा. तो नेहमी कामाच्या बाजूचा असे.

माझी पीएचडी याच विषयावर होती: झिर्कोनियमचा मिश्रधातू आणि स्टेनलेस स्टील यांचा न वितळवता केलेला जोड. मार्गदर्शक नागपूरच्या एका कॉलेजातले प्राध्यापक. निर्वात भट्टी त्यांच्याकडे, जोड ओढून तोडायचं यंत्रही तिथेच. झिर्कोनियमचा एक छोटा दांडा रीतसर सरकारी पत्रव्यवहार करून मिळाला होता, दुसरा मिळणार नव्हता. आणि मी हरत चालले होते. एकामागून एक जोड थंड होतानाच उकलत होते. विद्यापीठानं दिलेली मुदत संपत आली होती, एकदा वाढवून मिळाली होती, पुन्हा मिळणं शक्य नव्हतं. घरी आईनं एकदा विचारलं, हे झालंच नाही तर नोकरीत काही फरक पडेल का. मी पडणार नाही म्हटलं, पण पडणार होता.

सर माझ्यासोबत नागपूरला येऊ लागले ते तेव्हापासून. कॉलेजच्या नोंदीत ते कुणीच नव्हते. समृद्धी महामार्गावरून जाताना भाड्याच्या गाडीत माझ्या मांडीवर तुकड्यांची काचेची बरणी, आणि सर मागच्या सीटवर हाताची घडी घालून. त्यांनी मला थंड करण्याची गती बदलायला लावली, मधला पापुद्रा पातळ करायला लावला, एकच तोंड पुन्हा पुन्हा घासायला लावलं. साफ केलेल्या तुकड्यांवर कुणी बोलायचं नाही, कारण थुंकी उडते. आमच्या मार्गदर्शकांना बोलण्याची फार हौस. सरांनी त्यांना त्यांच्याच प्रयोगशाळेत तोंडाला रुमाल बांधायला लावला होता. पण सर स्वतः तुकड्यांना कधीच हात लावत नव्हते. हातमोजे घालूनसुद्धा नाही. "काम तुमचं, हात तुमचे. माहं फक्त तोंड," म्हणायचे.

शेवटी एकदा जोड टिकला. थंड झाला, बाहेर काढला, तसाच. मी भिंतीला टेकून उभी राहिले. सर म्हणाले, "आता उरलेल्या दांड्याचे सारे तुकडे करा. एकाच भट्टीत एकाच वेळी टाका. सारे सारखे निघाले पाह्यजे. मंगच खरं."

त्या दिवशी मी तुकडे घासले, धुतले, एकेक करून साच्यात बसवत गेले. शेवटची जोडी उरली होती. सर माझ्या मागे उभे होते. त्यांनी घसा साफ केला.

"मॅडम, एक म्या बसवू का?"

मी वळून पाहिलं. त्यांनी कधी काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. ते जरा लाजल्यासारखे झाले. "सायेब झाल्यावर हातचं काम गेलं ना. मंग तपासत गेलो, सह्या करत गेलो. लय वर्सं झाली. एक बसवून पाह्यतो."

त्यांनी साबणानं हात धुतले, मोजे चढवले आणि ती जोडी उचलली. मी सरांना इतकं जपून हालचाल करताना कधी पाहिलं नव्हतं. तुकडा साच्यात बसवून त्यांनी साच्याचे बोल्ट आवळले, दोन पावलं मागे सरले आणि स्वतःशीच हसले. मार्गदर्शकांनी रुमालाआडून काहीतरी अभिनंदन केलं, तर त्यांना हातानं गप्प बसवलं.

जोड चांगला आहे की नाही हे कळायचा एकच मार्ग, तो ओढून तोडायचा. यंत्राच्या दोन जबड्यांत तुकडा धरतात आणि ताण वाढवत नेतात. जोड पक्का असेल तर तो जोडावर सुटत नाही. बाजूचा अख्खा धातू आधी तुटतो. माझा पहिला तुकडा ओढला तेव्हा झिर्कोनियमची बाजू बारीक होत गेली आणि धाडकन तुटली. जोड जागच्या जागी. मार्गदर्शकांनी टाळी वाजवली. दुसराही तसाच, तिसराही. सर खुर्चीत बसून नुसतं "फुडचा" म्हणत होते. माझ्या डोळ्यांसमोरचं सगळं हलायला लागलं होतं, इतका आनंद झाला होता.

शेवटी सरांचा तुकडा लागला. ताण पुरता चढलाही नव्हता, आणि टक् असा बारीकसा आवाज झाला. तुकडा सरळ जोडावर उघडला होता. दोन्ही तोंडं वेगळी, चकचकीत.

"एखादा जातोच," मार्गदर्शक म्हणाले. "बाकीचे भरपूर आहेत. हा धरायचाच नाही."

"काहून गेला?" सरांनी विचारलं.

"सर, एकच तर आहे."

"एकाच भट्टीतून निंगाले सारे. एकच ताप, एकच दाब. मंग हा एकटाच काहून गेला? उद्या परीक्षक ईचारन. त्याले काय सांगान, नशीब?"

याचं उत्तर दोनच प्रकारचं असू शकत होतं, आणि ते त्या खोलीतल्या तिघांनाही कळत होतं. एक तर आमच्या पद्धतीतच कुठेतरी खोट होती, आणि मग बाकीचे जोड टिकले ते योगायोगानं, माझी सगळी वर्षं आणि पदवी अधांतरी. नाहीतर पद्धत बरोबर होती आणि बसवणाऱ्याचा हात चुकला होता. जन्मभर ज्या हातांनी कशाला स्पर्श केला नाही ते हात. सरांनी त्याच क्षणी बाजू निवडली. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःविरुद्ध पुरावा शोधायला लागले.

असं शोधणं मी कुणाचं पाहिलेलं नाही. माणूस चुकला की आधी दुसरीकडे बोट दाखवतो, मीही दाखवते. सर रोज सकाळी फोन करायचे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी विद्यापीठात अर्ज केला का? नंबर कधी लागतो? त्या तुटक्या तोंडांना कुणी पुसलं तर नाही ना? शेवटी नंबर लागला. जाताना ती बरणी त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या मांडीवर घेतली.

यंत्र चालवणारा मुलगा तरुण होता. पडद्यावर तुटलेलं तोंड मोठं होत गेलं. मधोमध एक काळसर, लांबट गोल डाग होता. बाकी सगळीकडे धातूंनी एकमेकांना धरल्याच्या खुणा होत्या, फक्त त्या डागावर काहीच नव्हतं. मुलानं किरण डागावर आणला. आलेख चढायला लागला. कार्बन. मग कडेला दोन छोटी टोकं वर आली.

"सोडियम, क्लोरीन," मुलगा म्हणाला.

"मीठ!" सर ओरडले. खुर्चीतून उठून त्यांनी मांडीवर थाप मारली. "मीठ हाये, मॅडम! घाम हाये हा! बोट लागलं इथी! निर्दोष सुटली तुमची पद्धत, सुटली!"

त्यांचा चेहरा असा उजळला होता की मीही मोठ्यानं हसले. तो मुलगा गोंधळून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. या म्हाताऱ्याला मिठाचा एवढा आनंद कशाचा, हे त्याला कळत नव्हतं. मलाही पुरतं कळलं नव्हतं. गाडी नागपूरच्या बाहेर पडली, सर मागे गप्प झाले, आणि मग माझ्या लक्षात आलं की सरांनी आत्ता कशाचा आनंद साजरा केला. मला मागे वळून बघायचं धैर्य होईना.

आम्ही जैन, सूर्यास्तानंतर जेवत नाही. सर हे कधी विसरत नसत. कारंजा गावाजवळ त्यांनी नेहमीप्रमाणे गाडी थांबवायला लावली, "मॅडम, दिवस बुडते, जेवून घ्या." मी डबा उघडला. त्यांनी स्वतः काही खाल्लं नाही.

"मोजे व्हते हातात," गाडी पुन्हा निघाल्यावर ते म्हणाले.

"होते सर. मी पाहिले ना."

"फाटला असन एखादा. तुकडा बसवतानी, साच्याची कड लागून. पन मंग मले कळलं काहून नाई?"

याचं उत्तर काकूंनी दिलं. घरी पोचून सरांनी सगळं सांगितलं, तशा त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. "त्या दिवशी तुमी नागपूरहून आले तं बोट चिरेल व्हतं ना. रगत सुकेल व्हतं. म्या ईचारलं तं तुमी म्हणे, कुठी लागलं मालूम नाई."

सरांनी हात पुढे आणून बोटं उलटून पाहिली.

"अन् चाहाचा गिलास," काकू म्हणाल्या. "कडकडीत गिलास धरून बसले राह्यतात. मले वाटे, कारखान्याची सवय असन. शुगर हाये ना याइले, मॅडम. डॉक्टरनं पाय बधिर होतात असं सांगतलं व्हतं. बोटाचं कोनाच्या ध्यानातच नाई आलं."

सरांनी काकूंना सुई आणायला सांगितली. मग डोळे मिटून दोन्ही तळहात पुढे केले. "एकेका बोटाले लाव. लावलं का सांगू नको. मी सांगतो." काकूंनी सुई टोचायला नकार दिला, तर टोक नुसतं टेकव म्हणाले. काकू एकेक बोट करत गेल्या. सर "हे", "हे" म्हणत होते. अंगठ्याजवळच्या बोटावर काकूंनी सुई टेकवली आणि थांबल्या. सर वाट बघत होते. काकू रडायला लागल्या, तरी ते डोळे मिटून वाटच बघत होते. दुसऱ्या हाताचंही तसंच झालं. मग त्यांनी डोळे उघडले, आणि एखाद्या मालाचा शेरा सांगावा तशा आवाजात म्हणाले, "दोन्ही पह्यली बोटं गेली." मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी पडले नाही, त्यांना आवडत नसे.

मग त्यांनी हट्ट धरला, प्रबंधात नाव लिहायचं. अमुक तुकडा अमुक व्यक्तीच्या बोटाच्या स्पर्शामुळे बाद झाला. मार्गदर्शक म्हणाले, असं नाव घालत नाहीत, 'हाताळणीतील दोष' असं लिहू. "हाताळनी कोनाची?" सर म्हणाले. दोघांची बाचाबाची झाली आणि शेवटी मार्गदर्शकांचंच झालं. तुकडा मात्र मी गाळला नाही, फोटो आणि आलेखासकट ठेवला. माझी खुली मौखिक परीक्षा नागपूरलाच होती. बाबांनी दुकान बंद ठेवलं, आई आली. सर काकूंना घेऊन शेवटच्या रांगेत बसले, हात नेहमीप्रमाणे दिसत नव्हते.

बाहेरचे परीक्षक वयानं मोठे, त्याच अणुइंधनाच्या क्षेत्रात आयुष्य काढलेले, कमी बोलणारे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नेमकं तेच पान उघडलं.

"हाताळणीतला दोष," ते म्हणाले. "कोणाच्या हाताळणीतला?"

मी मार्गदर्शकांकडे पाहिलं.

"सगळे जोड तुम्हीच बसवले असतील. मग एका ठिकाणी तुमचं बोट लागलं, तर इतर ठिकाणी लागलं नाही हे मी कशावरून मानू? मला पद्धतीबद्दल शंका नाही. हातांबद्दल आहे."

उत्तर मला माहीत होतं, एका वाक्याचं. पण सर समोर बसलेले असताना, त्या भरल्या हॉलमध्ये, त्यांचं नाव घ्यायला माझी जीभ उचलेना. मार्गदर्शक टेबलाकडे बघत होते. परीक्षक थांबले होते. माझी सगळी वर्षं तिथे येऊन अडकली होती आणि मी ती सोडवू शकत नव्हते.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक हात वर झाला.

हॉलमध्ये खसखस पिकली, कारण त्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक लालभडक होतं. ऑइलपेंटचा लाल. सरांनी दुसराही हात वर केला, तेही बोट तसंच. पोरं हसत होती, आईनं घाबरून माझ्याकडे पाहिलं. परीक्षक मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. त्यांच्या जगात तपासणीत बाद झालेल्या तुकड्याला लाल रंग फासतात, म्हणजे चुकूनही कुणी तो पुन्हा कामात घेऊ नये. हे त्या हॉलमध्ये फक्त त्या दोघांना आणि मला कळलं.

"तो जोड म्या बसवला," सर उभे राहून म्हणाले. त्यांनी शुद्ध बोलायचा प्रयत्नही केला नाही. "या बोटानं बिघडला. यातलं आता मले कळत नाई. बाकीचे सारे हिनं बसवले. त्याइच्यात माहं बोट कुठीच नाई, म्हणून थे टिकले. पाह्यजे तं एकेक उघडून पाहून घ्या."

परीक्षकांनी माझा प्रबंध मिटला आणि उभे राहिले.

"सर," त्यांनी अगदी हळू विचारलं, "हा रंग कुणी लावला?"

"दुसरं कोन लावीन?" सर म्हणाले. "तपासनीले मीच व्हतो ना." आणि हात खाली घेऊन बसले.